काळ्या मातीवरचा कोबा

मी हात लावेपर्यंत आमच्या गॅरेजात मोटार ठेवता येत होती आणि बाहेरही काढता येत होती.

मी तेव्हा परभणीत कालव्यांवर ओव्हरसियर होतो. गॅरेजातल्या जुन्या काँक्रीटच्या कोब्याचे पोपडे निघाले होते. जिल्हाभर काँक्रीट ओतणाऱ्या माणसाच्या घरी हे शोभत नव्हतं (असं फक्त मला वाटायचं, बाकी कुणाला आमचं गॅरेज माहीतही नव्हतं). त्यातच माझी बायको सुमन हिला मुलाखतीचं पत्र आलं. लग्नानंतर ती बी.एड. झाली होती, चार वर्षं अर्ज करून थकली होती, आणि आता कुठे पिंगळीच्या शाळेनं विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी बोलावलं होतं. मी लगेच जाहीर केलं, नव्या कोब्यावरून मोटार पहिल्यांदा बाहेर पडेल ती तिला मुलाखतीला घेऊनच!

गुलाब मिस्त्रींनी दोन दिवस घण घालून जुना कोबा उखडला. खाली काळी, भेगाळलेली माती निघाली.

"सायेब, ही हातभर काढून मुरूम भरा. न्हाईतर ही उठंल."

"उठून जाणार कुठं?" मी विचारलं, आणि त्यांना कालव्याच्या भरावावर छोटंसं व्याख्यान दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मी सांगितलं तसं त्याच मातीवर काँक्रीट ओतलं.

कोबा घोटून असा केला की तोंड दिसावं! काँक्रीटला पाणी जितकं जास्त तितकं ते पक्कं, हे माझं लाडकं मत. पंधरा दिवस त्यावर पाणी साठवलं. मग नारळ फोडून मोटार आत घेतली, तरी मी नळी चालूच ठेवली. भिंतीच्या कडेनं ते पाणी खाली कुठं जातंय, हा विचार काही मला शिवला नाही.

मुलाखतीच्या सकाळी सुमन इस्त्रीची साडी नेसून, फाइल घेऊन उभी. मी दार ढकललं. गल्ली अरुंद म्हणून आमची दारं आत उघडायची. दार चार बोटं सरकलं आणि अडकलं. फटीतून पाहिलं तर कोबा मधोमध पोळीसारखा टम्म फुगलेला! मी खांदा लावला, शेजारचे चौघे आले, दार हलेना. शेवटी आतून कोबा फोडावा म्हणून मी मागच्या झरोक्यातून शिरलो. डोकं गेलं, खांदे गेले. बाकीचा मी बाहेरच राहिलो.

तेवढ्यात मिस्त्री आले. माझ्या पायांना त्यांनी रामराम केला आणि सुमनला शांतपणे समजावायला लागले.

"बाई, ही माती पाणी पेली की फुगती, सुकली की भेगाळती. मुरूम फुगत न्हाई, म्हनून त्येची गादी घालायची."

सुमननं त्यांना आणखी दोन प्रश्न विचारले. मग मला म्हणाली, "अहो, मी पॅसेंजरनं जायलेय. तुमी सावकाश निघा."

तिची रिक्षा स्टेशनाकडे गेल्याचा आवाज मी आतून ऐकला. चार वर्षांची तिची वाट माझ्या हुशारीनं अडवली, या विचारानं मला अगदी रडू आलं. डोळे पुसायला हातही मोकळा नव्हता.

शेवटी मिस्त्रींनी पाय धरून मला ओढून काढलं. संध्याकाळी सुमन पेढे घेऊन आली. नमुना पाठ घ्यायला विषय मिळाला होता, आपल्या भागातली माती.

"मग तू काय सांगितलंस?"

"आपलं गॅरेज."

"माझं नाव नाही ना घेतलंस?"

"घ्यावं लागलं. ओव्हरसियर असं करील, हे त्यांना खरंच वाटंना."

दुसऱ्याच दिवशी मी कोबा फोडायला निघालो, तर तिनं अडवलं. तिच्या आठवीच्या वर्गानं तो अजून पाहिला नव्हता. झरोक्याखालची भिंत पाडून मोटार मागून काढली, आणि कोबा तसाच राहिला. तेव्हापासून दरवर्षी आठवीचा वर्ग पिंगळीहून पॅसेंजरनं येतो, आधी कोबा बघतो आणि मग मला.

परवा एका मुलीनं लिहिता लिहिता मान वर केली. "सर, आमच्या शेताच्या वरच्या अंगाला कालवा हाय. त्यो बी तुमीच बांधलाव का?"

बांधला होता मीच. पण लेकरू घाबरू नये म्हणून मी नाही म्हणालो.