मनकर्णाबाईंच्या दारची ग्रँटली

मनकर्णाबाई भांडत नसत. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांच्या शेजारणी आठवड्यातून दोनदा तरी कोणाशी ना कोणाशी कडाकडा भांडायच्या, आणि मनकर्णाबाई आपल्या दाराच्या चौकटीला टेकून लसूण सोलत ऐकायच्या. त्यांची स्वतःची रीत वेगळी होती. गवळी दुधात पाणी घालतो म्हणून सगळी आळी ओरडून थकली, तेव्हा बाईंनी एका सकाळी त्याला ओट्यावर बसवलं आणि त्याच्याच दुधाचा चहा करून दिला. साखर सढळ हाताने घातली, आल्याचा तुकडाही टाकला. गवळी एक घोट प्याला, बशीकडे पाहत राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरचं दूध वेगळ्या चरवीतून येऊ लागलं. बाई त्याला एक शब्द बोलल्या नव्हत्या.

अशा बाईच्या दारात एकोणीसशे चोपन्न साली ग्रँटली मोटार येऊन उभी राहिली.

त्यांचे यजमान पंजाबराव सरकी-ढेपेचे व्यापारी. घरात दोन म्हशी, शेतावर दोन बैलजोड्या, आणि एवढ्यावर माणूस सुखी राहू शकला असता. पण त्या दिवसांत ग्रँटली हे नाव लोक जपून उच्चारत. गाडी विलायतेची. सुटे भाग जहाजाने येत आणि मुंबईला जोडले जात. हिरवट रंग, नाकावर पंख पसरलेला चांदीचा पक्षी. गाडी आली त्या दिवशी बाईंनी तिला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. त्या हंगामात लग्नघरची माणसं गाडी मागायला रांगेने येत. मुलगा काय करतो, शेती किती, हे नंतर. आधी 'नवरदेव ग्रँटलीत आला'. हळदीकुंकवाला इतकी वर्षं सतरंजीवर बसणाऱ्या मनकर्णाबाईंना बायका खुर्ची देऊ लागल्या. बाईंना खुर्चीवर अवघडल्यासारखं व्हायचं, पण त्या बसायच्या.

पहिला उन्हाळा आला आणि गाडी उकळू लागली.

दुरुस्तीची एजन्सी साऱ्या वऱ्हाडात एकच, ती अमरावतीला. मालक देवीदासजी. परीटघडीचं धोतर, तोंडात विडा, आणि जिभेवर नुसता मध. हा माणूस कधी नाही म्हणत नसे. "गाडी नवी हाये, पंजाबराव. नव्या सुनेसारखं हाये हे. रुळाले टाइम लागते." तीन वर्षांनी तेच देवीदासजी, तोच विडा, आणि म्हणाले, "पंजाबराव, गाडी आता जुनी झाली ना." मधल्या काळात गाडी नेमकी योग्य वयाची कोणत्या दिवशी होती, हे पंजाबरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पार्ट नेहमी मुंबईहून 'येऊन राहिलेला' असायचा. एकदा गाडी दसऱ्याला एजन्सीत गेली ती होळीला परत आली. दुखणं तेच होतं. वर सीटच्या फटीत अक्षता सापडल्या आणि मागच्या काचेवर झेंडूची पाकळी चिकटलेली. पंजाबराव तडक अमरावतीला गेले. देवीदासजी हसून म्हणाले, "भाच्याचं लगन होतं. चालवून पाहाव लागते ना, पंजाबराव, तवाच तं दोष समजते."

"मंग समजला का?"

"वरात हनुमानाच्या देवळापाशी अडकली. समजला."

हळूहळू अकोल्यात ग्रँटलीचं नाव निघालं की लोक गालात हसू लागले. नवरदेवाचे मामा आधीच विचारून घेत, "धक्का माराले मानसं तुमची का आमची?" गावात अशा पाच गाड्या होत्या आणि पाचही मालक एकमेकांना भेटले की देवीदासजींच्या नावाने बोटं मोडत.

मग एका संध्याकाळी नवल घडलं. मोतीराम वकिलांची ग्रँटली सहा महिने ताडपत्रीखाली झोपली होती. ते भर क्लबात, चार परगावच्या पाहुण्यांदेखत, मोठ्याने म्हणाले, "गाडी पाहावी तं ग्रँटलीच. लोण्यासारखी चालते." बाकीचे मालक चपापले. आठवडा संपायच्या आत वकिलांची गाडी कारंज्याच्या एका जमीनदाराला विकली गेली होती, तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून अकोल्यात ग्रँटलीबद्दल तक्रारीचा एक शब्द कोणाच्या तोंडून निघेना. मजा अशी, की कारंज्याच्या जमीनदारानेही पंधरा दिवसांत गाडी ओळखली आणि तोही दुप्पट जोराने स्तुती करू लागला. ज्याला विकायची आहे तो नावं कशाला ठेवील? शहरात ग्रँटलीची जेवढी नाचक्की झाली होती, तेवढी खेड्यापाड्यांत तिची कीर्ती पसरत गेली.

साठ साली ती कीर्ती बार्शीटाकळीला पोचली, आणि तिथे मनकर्णाबाईंचा धाकटा भाऊ राहत होता.

जानरावाला त्या वर्षी कापूस चांगला झाला होता. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं, हे त्याचं पाच वर्षांचं स्वप्न. मोट हाकून हाकून त्याच्या खांद्याची हाडं वर आली होती. रविवारी तो बहिणीकडे जेवायला आला, आणि दुसरी भाकर मोडताना म्हणाला, "भाऊजी, गाडी इकून राहिले म्हन्ते?"

पंजाबरावांनी घास थांबवला. "इकायची कायले? अशी गाडी भेटते कोठी? पन घरचा मानूस असन तं गोष्ट येगळी."

आत तव्यावरची भाकर जळाली. मनकर्णाबाईंच्या हातून भाकर जळण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण ती त्यांनी नवऱ्याच्या ताटात वाढली, ही मात्र पहिली.

भाऊ ओसरीवर आडवा झाल्यावर त्या नवऱ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "थो इंजनाचा पैसा हाये त्याचा."

"इंजन पुढच्या साली घेईन."

"अन् गाडी बंद पडली तं?"

"त्याच्या घरी बैल हायेत. आपल्याकडे इथं कोन हाये ओढाले?" पंजाबराव वाईट माणूस नव्हते. नुसते कंटाळले होते. सहा वर्षं त्या गाडीने त्यांचं गावभर हसं केलं होतं. "अन् पाय, तू त्याले एक शब्द सांगशीन तं चांगलं होनार नाई."

"मी कायले सांगू?" बाई म्हणाल्या. आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला.

भावाने गाडी चालताना पाहावी, म्हणून अमरावतीला जाऊन अंबादेवीची ओटी भरून यायचं ठरलं. पंजाबरावांनी मुद्दाम पौषातला दिवस धरला, तोही पहाटेचा, म्हणजे गाडी तापायचं कारणच नको. आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येक नळी स्वतःच्या हाताने बांधली होती. पुढे स्वतः आणि जानराव, मागे ओटीचं ताट मांडीवर घेतलेल्या मनकर्णाबाई.

बाई निवांत होत्या. त्यांनी बोलायची गरजच नव्हती. गाडी स्वतःच बोलणार होती.

गाडी बोलेना. बोरगाव गेलं. काटेपूर्णेचा पूल गेला, तिथे ती हमखास खोकायची. मूर्तिजापूरला फाटक लागलेलं होतं, छोट्या रुळांची आगगाडी रमतगमत यवतमाळकडे निघाली होती, आणि थांबली की पुन्हा सुरू न होणारी ग्रँटली आज फाटकाशी मांजरासारखी गुरगुरत उभी राहिली. जानरावाने पुढच्या फळीवर तळवा ठेवला, बाजारात बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. तो हात बाईंनी ओळखला. माणूस आता घेतल्याशिवाय राहत नाही.

आता एकच जागा उरली होती.

मूर्तिजापूर मागे पडलं की सडकेच्या कडेला एक विहीर आहे आणि विहिरीशी कडुलिंबाखाली माणिकबाईचं चहा-भज्यांचं दुकान. माणिकबाई आणि तिचा नवरा सूर्यभान. छप्पन सालापासून त्यांच्या कुडाच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि पहिल्यांदा गाडी तिथे उकळली तेव्हा पंजाबराव काचा वर करून स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं गरम पाणी पीत बसले होते. दुसऱ्या खेपेला तांबा रिकामा झाला. पाचव्या खेपेपर्यंत ते तिच्या बाजेवर मांडी घालून तिसरा चहा मागू लागले. ग्रँटली कंपनीने वऱ्हाडात एवढं एक भलं काम केलं, आणि तेही तिला ठाऊक नव्हतं.

लांबून लिंबाचा शेंडा दिसताच मनकर्णाबाई म्हणाल्या, "गाडी थांबवा जरा."

"कावून?"

"मले उतराचं हाये."

पंजाबरावांनी आरशात पाहिलं. बाईंचा चेहरा अगदी गरीब. बायकांच्या असल्या अडचणीबद्दल मेहुण्यादेखत काय विचारणार? "पुढं पळसाची झाडी हाये. तिथं थांबू."

"इथंच थांबवा."

जानराव खिडकीबाहेर पाहू लागला. पंजाबरावांनी दात आवळून दुकानापाशी गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं. बाई उतरल्या. त्यांचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच दुकानातून माणिकबाई बादली हिंदकळत पळत आली. दुसऱ्या हाताला तिने फडकं गुंडाळलं होतं, गाडीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण तापलेलं असतं म्हणून.

"आली का वो ग्रांटली! आज सकाळीच? येरवी तं उन्हाचं येत असता." मग दुकानाकडे तोंड करून, "ओ, आयकून राहिले का? धोंडे आना चाकाले लावाले!"

सूर्यभान दोन्ही हातांत दोन धोंडे घेऊन आलाच. मागून भजी खाणारे दोघे, न सांगता, बाह्या सारत गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन उभे राहिले.

"माणिकबाई, राहू द्या," पंजाबराव खाली उतरून घाईने म्हणाले. "गाडी चांगली हाये."

माणिकबाईने बादली खाली ठेवली. "चांगली हाये तं थांबली कावून?"

याचं उत्तर पंजाबरावांजवळ होतं. पण ते चार परक्या माणसांत उच्चारता येण्यासारखं नव्हतं. जानरावालाही ते बोलता येण्यासारखं नव्हतं. आणि जिला देता आलं असतं ती झाडीकडे जायचं सोडून ओटीच्या नारळावरचं कुंकू नीट करत उभी होती.

"तुमी भाऊजीले ओळखता?" जानरावाने विचारलं.

"बापा! ओळखता म्हन्जे? हे भाऊ मायाकडे जितके जेवले, तितका माया जवाई नाई जेवला." माणिकबाईने त्याला हाताने दुकानाकडे वळवलं. "बसा ना. सीट रिकामीच हाये."

विटांवर मांडलेली ती बैठक लाल चामड्याची होती. गाडीत जानराव ज्या चामड्यावर बसून आला, तेच.

"ही कोनाची?"

"वकीलसायबाची. चढावर गाडी चढेना, तं हलकी करतो म्हने. न्याले येतो म्हनले, अजून येऊन राहिले." दुधाच्या पातेल्यावर झाकण होतं ते चाकाच्या मधली चकचकीत थाळी, तिच्यावर पंख पसरलेला तोच पक्षी. "हे डाक्टरचं. या गाडीचे समदे मालक मोठे चांगले मानसं. बोलाचालाले टाइम असते त्याहीले."

जानराव त्या सीटवर बसून चहा प्याला. पंजाबराव टायरला बुटाचं टोक मारत होते, कान लाल झाले होते. मनकर्णाबाईंनीही दोन कप चहा घेतला, आज जरा जास्तच गोड लागला.

बहिणीच्या नवऱ्याला फसवलंत असं म्हणायची सोय जानरावाला नव्हती. कप खाली ठेवून तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "भाऊजी, गाडी लय चांगली हाये. पन म्या इचार केला. ही मी नेली तं मायी ताई माहेरी कशात येईन? मी इंजनच घेतो."

पंजाबरावांनी चहाचे पैसे मोजून ठेवले. एवढ्या मानाने दिलेला नकार नाकारणार कसा?

"तुया ताईची तुले मोठी काळजी," ते एवढंच म्हणाले.

गाडी निघाली. चहापायी बंद केलेलं इंजिन हँडलच्या एकाच फेऱ्यात सुरू झालं, आणि त्यामुळे पंजाबराव आणखीच पेटले. आता तिला चांगलं वागून दाखवायची काही गरज नव्हती, तरी ती सुरेख चालत होती. थंड वारा खिडकीतून आत येत होता. पळसाची झाडी दिसू लागली तशी मागच्या सीटवर थोडी चुळबुळ झाली.

"आयकलं का?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्या झाडीपाशी थांबता का जरा?"

"कावून? आत्ता उतरली होती ना?"

मघाशी बाईंना खरी नड नव्हती. पण मधे दोन कप चहा झाला होता.

"राहून गेलं," त्या म्हणाल्या.

पंजाबरावांनी आरशात पाहिलं. कितीतरी वर्षांत त्या गाडीत बसून त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं नव्हतं. त्यांनी पाय आणखी दाबला.

"तुया भावानंच सांगितलं, गाडी लय चांगली हाये. चांगली गाडी मंधात थांबत नाई."

पळसाची झाडी मागे गेली. जानराव खिडकीबाहेर तोंड करून बसला होता, आणि बडनेऱ्यापर्यंत त्याचे खांदे हलत होते. बाई ओटीचं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून, ओठ मिटून, सरळ समोर पाहत बसल्या.