पटक्यावरचं गाणं

वडूजकडच्या धनगरवाड्यातला अर्जुना सांगलीच्या ऑर्केस्ट्रात गिटार घेऊन गायचा. त्याला ऐकायला लोक साताऱ्याहून यायचे. मेंढरं सोडून नाचगाणं धरलं म्हणून वडील बिराप्पा मात्र कधी आले नाहीत. १९७४ साली घशाच्या ऑपरेशनात अर्जुनाचा आवाज कायमचा गेला.

माझ्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी पूर्वी कृष्णाकाठी गाणाऱ्या अर्जुनाची छोटी फिल्म काढली होती. ती वडिलांना दाखवायला आम्ही त्याच्यासोबत गावी गेलो, पण पडदा घरीच विसरला.

"घोंगड्यावर दिसंल का?" बिराप्पांनी विचारलं.

"काळ्यावर नाही दिसत. पांढरं कापड लागतं," यजमान म्हणाले.

चारचौघांत कधी बोडक्या डोक्यानं न बसलेल्या बिराप्पांनी डोक्याचा पांढरा पटका सोडला आणि दुहेरी करून भिंतीला टांगला. त्यावर अर्जुना गाऊ लागला.

"आवाज न्हाई व्हय?"

"या कॅमेऱ्यात आवाज धरता येत नाही," यजमान म्हणाले.

बिराप्पा पडद्यावरच्या लेकाचा ताल धरणारा पाय बघत राहिले. "आवं, ह्यो तर आमच्या गजी नाचाचा ठेका हाय."

शेजारी बसलेल्या अर्जुनानं मान हलवली. बिराप्पा तसेच बोडके उठले, ढोल घेऊन आले आणि फिल्म संपेपर्यंत त्या पायाबरोबर वाजवत राहिले.