लिफ्ट दुपारभर बोलत होती

मंगळवारी दुपारी गिरणीतून दळणाचा डबा घेऊन बिल्डिंगमध्ये शिरले, तर लिफ्ट वरती कुठेतरी अडकलेली. तिच्यातल्या त्या बाईचा आवाज चालू... "कृपया दरवाजा बंद करें." गोड आवाज. जरा थांबते, की पुन्हा तेच.

आमची वर्तकनगरची बिल्डिंग जुनी, सात मजल्यांची. लिफ्टला हाताने ओढायचा जाळीचा दरवाजा. कोणी तो नीट लावला नाही की लिफ्ट जागची हलत नाही, आणि ती रेकॉर्डवाली बाई बोलत सुटते.

अशा वेळी खालच्याने जाळीतून वर तोंड करून ओरडायचं, ही आमच्याकडची पद्धत. मीपण ओरडले, "ए, दरवाजा लावा रे!" वरून काही नाही. वॉचमन जेवायला गेलेला.

माझं घर पाचव्यावर, गुडघे दुखरे, डबा जड. शेवटी निघाले जिन्याने... तोंडाचा पट्टा चालू.

दुसऱ्यावर एक गृहस्थ बनियनवर दारात उभे. "लिफ्ट बंद आहे का हो?" म्हटलं, बंद कुठे, कोणीतरी दरवाजा उघडा टाकलाय. "हां... लावतील." आणि दार बंद. अहो पण कोण लावतील? ते विचारायचं राहूनच गेलं.

चौथ्यावर ती कॉलेजवाली पोरगी, कानात बोंडं घातलेली. "काकू, मी कधीचं ग्रुपवर टाकलंय." मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. 'प्लीज लिफ्टचा दरवाजा लावा.' त्याच्या खाली अंगठेच अंगठे. सगळ्यांना पटलेलं, बघा.

एवढी माणसं घरात होती. कुठे कुकरची शिट्टी, कुठे टीव्हीतलं हसणं, कुठे लसणाच्या फोडणीचा वास. आणि सगळ्यांच्या दारावरून तो एकच आवाज वरखाली फिरतोय. जिन्यात मी एकटी... भरल्या बिल्डिंगमध्ये कोणीच राहत नसल्यासारखं वाटलं. मला, जिला कशाचीच भीती वाटत नाही, तिला कसंतरी झालं.

डबा घरात टेकवला. खरं सांगते, पुढे वर गेले ते काही चांगुलपणाने नाही. डोकं उठलेलं. ज्याने दरवाजा उघडा टाकलाय त्याला धुवायचा होता, बास.

सातव्याच्या वर मजला नाही, म्हणून तिथून कोणाचं जाणंयेणं नाही. मी अर्ध्या जिन्यातूनच सुरुवात केली. "कोणाचे हात झडलेत रे? तुमच्या बापाची लिफ्ट आहे काय?"

वर पॅसेजमध्ये अंधार. फक्त लिफ्टमधला पिवळा दिवा. त्या उजेडात मला आधी एक हात दिसला... जाळीत बोटं अडकवून घट्ट धरलेला. मग पांढरे केस.

मालतीताई. सातव्यावर एकट्याच राहतात. पाय लिफ्टमध्ये, अंग बाहेर फरशीवर. बाजूला भाजीची पिशवी सांडलेली. डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आवाज त्या लिफ्टवालीचा. क्षणभर मला वाटलं तो यांच्याच तोंडातून येतोय... अजून आठवलं की काटा येतो.

समोरच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. तिथे एक भाडेकरू मुलगा असतो, घरूनच काम करतो. बाहेर आला आणि बघून पांढरा पडला. "आंटी, मी दोनदा बघितलं दाराच्या होलमधून... लिफ्ट उघडी, आत कोणीच नाही."

बरोबर आहे त्याचं. त्या भोकातून समोरचं दिसतं. खाली पडलेलं माणूस दिसत नाही. "मग दार उघडलं असतंस तर झिजलं असतं का?" तो रडकुंडीलाच आला. म्हटलं, "आता रडू नको, चादर आण."

चादरीवर घेऊन हळूहळू त्यांना बाहेर ओढलं. मी त्यांच्या तोंडात थेंब थेंब पाणी घालत होते. तेवढ्यात त्या मुलाने गडबडीत, सवयीने, जाळीचा दरवाजा लावून टाकला.

आवाज थांबला. आणि लिफ्ट लगेच खाली निघाली... म्हणजे खाली कोणीतरी बटणावर बोट ठेवूनच उभं होतं. आता आम्हाला तिची गरज, आणि ती आमच्या डोळ्यासमोरून गेली. खालून कोणीतरी मोठ्याने ओरडलं, "थँक्यू!"

मग मी जाळीतून काय काय ओरडले ते इथे लिहिता येणार नाही. सगळी बिल्डिंग वर आली. कोणी साखर आणली, कोणी वारा घातला, कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली, बनियनवाले गृहस्थ तर ॲम्ब्युलन्सच्या मागे पळत गेले. वाईट कोणीच नव्हतं हो... मला त्याचीच भीती जास्त वाटते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं. काल भेटायला गेलेली, तर मालतीताईंनी माझा हात धरला.

म्हणाल्या, "जाळीतून सगळ्यांचं ऐकू यायचं गं मला. मी हाक मारायची, आणि ते आपले बोलतच राहायचे. मग वाटलं, मी गेलेय. गेलेल्याची हाक कोणाला ऐकू जात नाही ना..."

मी उगाच त्यांची चादर सारखी करत बसले.

मग त्याच जरा हसल्या. "तेवढ्यात तुझ्या शिव्या वर यायला लागल्या. म्हटलं नाही... मेलेल्या माणसावर कोणी एवढं चिडत नाही."

घरचे सारखे म्हणतात, तुझं तोंड जरा आवर. नाही आवरणार.