बसाप्पाचं बोटभर ग्रीस

गडमुडशिंगीत कुणाची पाण्याची मोटर घरघरायला लागली, की माणूस वायरमनकडं जायच्या आधी बसाप्पाकडं येतो. बसाप्पा पायात चप्पल सरकवतो, लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर उचलतो, त्याचं टोक मोटरीला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. डोळे मिटतो. भोवतीची माणसं देवळात उभी राहिल्यासारखी गप्प होतात. मग तो डोळे उघडून सांगतो, बेअरिंग गेलंय, नाहीतर काही झालं नाही, नुसता पाया हलतोय. आधी शिरोलीत आणि मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मिळून अडतीस वर्षं तो लेथवर उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून मशीन बिघडलं असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे त्याच्या तोंडावर तरी नाही.

त्याची बायको शांतव्वा तेवढी म्हणते. तिच्या शिवणयंत्राला त्यानं एकदा एवढं तेल पाजलं होतं की पुढचे तीन महिने तिनं शिवलेल्या प्रत्येक झंपरावर डाग. बायका परत यायच्या, आणि हा आतून ओरडायचा, मशीन बघा की किती गार चालतंय.

कारण बसाप्पाचा एक नेम होता. नवा पार्ट कोरडा बसवायचा नाही. बेअरिंग असो, बोल्ट असो, दाराची बिजागरी असो, बसवायच्या आधी त्याला ग्रीसचं बोट लागलंच पाहिजे. ग्रीसचा डबा घरात देवाच्या फळीवर, विभूतीच्या डब्याशेजारी. एकदा लाईट गेल्यावर शांतव्वाचं बोट चुकीच्या डब्यात गेलं आणि ती तसल्या कपाळानं लग्नाला जाऊन आली. ते प्रकरण त्या घरात अजून मिटलेलं नाही.

नात रक्षिता आजोबाच्याच वळणावर गेली, फक्त हिचे हात काळे होत नाहीत. ओतकामाला जे साचे लागतात त्यांची चित्रं ती कॉम्प्युटरवर काढते, चारी बाजूंनी फिरवून बघता येतील अशी. इतके दिवस दुसऱ्याच्या हाताखाली काढायची. आता पहिल्यांदा तिच्या नावावर काम आलं होतं. पंपाच्या एका मोठ्या भागाचं चित्र शनिवारपर्यंत द्यायचं, पसंत पडलं तर पुढचं सगळं काम तिलाच. पण तिचा जुना कॉम्प्युटर एवढं मोठं चित्र फिरवताना धापा टाकायचा. म्हणून तिनं राजारामपुरीतल्या एका दुकानातून ग्राफिक्स कार्ड मागवलं. विटेएवढी वस्तू, पोटावर दोन पंखे, आणि एका कडेला सोनेरी दातांची ओळ. ते दात कॉम्प्युटरच्या खाचेत बसले की पडद्यावरची चित्रं हलकी होतात म्हणे.

सोमवारी दुपारी पार्सल आलं तेव्हा रक्षिता कामावर होती. बसाप्पानं पार्सल घेतलं, सही केली, खोकं टेबलावर ठेवलं. तिथंच थांबायचं की नाही? पण नवा पार्ट घरात आलाय आणि आपण तो बघितला नाही, हे त्याला जेवू देईना. त्यानं खोकं उघडलं. पंख्याला बोटानं फिरवलं, कान लावला. उजवा पंखा जरा खरखरला. मग दात बघितले. कोरडे ठणठणीत. कंपनीवाल्यांना काही कळत नाही असं पुटपुटत त्यानं फळीवरचा डबा काढला आणि करंगळीनं दातांवरून एक पातळ हात फिरवला. पिवळं ग्रीस सोनेरी दातांवर दिसेना झालं. खोकं होतं तसं बंद केलं आणि समाधानानं आडवा झाला.

संध्याकाळी रक्षितानं कार्ड बसवलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. काढलं, पुन्हा बसवलं. काळा. वायर बदलली, शेजारच्या प्लगाला लावून बघितलं. काळा. कार्ड काढून जुन्यासारखं चालवलं की पडदा लगेच उजळायचा. बसाप्पा पाठीमागून सांगत होता की उजव्या पंख्याचं बेअरिंग बरं नाही, आणि रक्षिता हसत म्हणत होती, अज्जा, ही पाण्याची मोटर न्हाय.

मंगळवारी तिनं मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस एकेक पायरी सांगत होता. कार्ड कडेला धरा. सोनेरी दातांना बोट लावू नका, घामाचा थर बसला तरी कार्ड चालत नाही. बसाप्पा तेव्हा चहा पीत होता. त्याला असा ठसका लागला की शांतव्वा पाठ चोळायला धावली.

रक्षितानं तर पहिल्यापासून दातांना बोट लावलंच नव्हतं. त्यामुळं तिथं काय आहे हे तिला कळायचं कारणच नव्हतं. बुधवारी रात्रीच्या जेवणाला तिनं जाहीर केलं, कार्डच खराब निघालंय. सात दिवसांत दुकान बदलून देतं, उद्या जायचं.

बसाप्पा भाकरीचा तोच तुकडा आमटीत बुडवत बसला. घामाच्या थरानं जे बंद पडतं त्याला यानं एमआयडीसीतलं ग्रीस चोळलेलं. सांगावं, तर अडतीस वर्षांचं नाव जातं. न सांगावं, तर पोरगी दुकानदाराशी भांडायला निघालीय. त्यानं स्वतःची समजूत घातली की कोण जाणे, कार्ड मुळातच खराब असेल. तसं तर उजवा पंखा खरखरत होताच.

रक्षिता हात धुवायला गेली तशी शांतव्वा हळूच म्हणाली, "सोमवारी माझ्या नव्या टॉवेलाला ग्रीस पुसलंय कुणीतरी. करंगळीएवढं."

"मोटरीचं असंल."

"सोमवारी कुणी मोटरीचं बोलवाय आलं न्हवतं."

ती ताटं उचलायला लागली. न विचारता माणसाला भाजत ठेवायची तिची जुनी सवय.

गुरुवारी रक्षिता मोपेडवरून निघाली. बसाप्पा म्हणाला, मी मागं खोकं धरून बसतो. तिला वाटलं, अज्जाला माझी काळजी. जाताना त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. का टाकला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. हाताला काहीतरी ओळखीचं हवं होतं.

दुकानात दुरुस्तीच्या टेबलाला प्रसेनजीत नावाचा तिशीतला गडी होता. कामात नीट, बोलायला थोडका. त्यानं बसाप्पाला खुर्ची दिली, कार्ड आपल्या कॉम्प्युटरला लावलं. पडदा काळा. त्यानं मान हलवली. कार्ड गेलंय, बदलून देऊ, म्हणाला, आणि एक कागद पुढं सरकवला. रक्षितानं मोठ्यानं वाचला. वस्तू मिळाली तशीच परत करत आहे, तिला कोणतीही छेडछाड केलेली नाही. तिनं पेन उचललं.

आता बघा, बसाप्पानं तोंड मिटून ठेवलं असतं तर पाच मिनिटांत नवं खोकं हातात पडलं असतं आणि पिवळ्यावरचं पिवळं कुणाला दिसलंही नसतं. पण कागदावर नाव नातीचं पडणार होतं. लेथवर असताना दुसऱ्यानं बिघडवलेल्या मालावर त्यानं कधी सही केली नव्हती, आणि स्वतः बिघडवलेल्या मालावर दुसऱ्याला करू दिली नव्हती.

"थांब," तो म्हणाला. "दातांना ग्रीस लावलंया. मी."

प्रसेनजीत वाकून दात बघायला लागला. नखानं खरवडलं, वास घेतला.

"कुठलं ग्रीस म्हणायचं, काका?"

"बेअरिंगचं. चांगल्यातलं हाय."

रक्षितानं पेन खाली ठेवलं. तिचे तीन दिवस गेले होते, हातात दोन उरले होते. तिनं नुसता कागद परत सरकवला आणि बसाप्पाला तेच जड गेलं. ती ओरडली असती तर त्याला उलट ओरडता आलं असतं.

प्रसेनजीतनं कापसावर स्पिरिट घेतलं, दात पुसले, मग शाळेतल्या पोरांचा खोडरबर घेऊन एकेक दात घासला. कार्ड पुन्हा बसवलं. पडदा लख्ख उजळला. बदलून देता येणार नाही, चालतंय की हे, तो म्हणाला. रक्षितानं सुस्कारा सोडला आणि खोकं भरायला हात घातला.

बसाप्पानं शरमेनं मान खाली घातली होती. पण कान काही खाली घालता येत नाहीत. उजवा पंखा खरखरत होता. या घडीला तोंड उघडायची आपली लायकी नाही हे त्याला कळत होतं. तरी हात खिशात गेलाच.

"पावणं, एक मिनिट," म्हणत त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या कडेला अलगद टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

रक्षिता पुढं झाली. "अज्जा, हात काढ."

"उजव्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. आता चालंल. कामाला जुंपला की अडकंल."

प्रसेनजीतला हसू आलं, पण म्हाताऱ्यानं एकदा खरं सांगितलं होतं, ते त्याच्या ध्यानात होतं. त्यानं कार्डाला घाम फोडणारी चाचणी लावली. पडद्यावर चित्रं गरागरा फिरायला लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बसाप्पा आता स्वतःच मनात म्हणत होता, देवा, आणि एकदा तोंडघशी पाडू नकोस. अकराव्या मिनिटाला पंखा किंचाळला, थरथरला आणि थांबला. चित्र जागच्या जागी गोठलं.

प्रसेनजीत कागद घेऊन आत मालकाला विचारून आला. कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: दातांना ग्राहकाच्या आजोबांनी ग्रीस लावले होते, पुसून काढले, पंखा मुळात खराब, बदलून दिले. रक्षितानं त्याच्याखाली सही केली. बसाप्पा म्हणाला, मीबी करतो. त्यानं ऐसपैस सही केली आणि एक प्रत मागून घेतली.

घरी रक्षितानं नवं कार्ड बसवायला घेतलं तेव्हा आजोबाला समोरच्या कॉटवर, दोन्ही तळहात मांडीखाली घेऊन बसवलं होतं. ग्रीसचा डबा फळीवर नव्हता. शांतव्वानं तो सकाळीच तांदळाच्या पिंपात पुरला होता.

पडदा उजळला. पंप चारी बाजूंनी भरभर फिरला. रक्षिता थोडा वेळ बघत राहिली, मग उठून आजोबाच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"ऐक. पन लांबनं."

बसाप्पानं मांडीखालचे हात काढले, टॉवेलाला पुसले, टोक टेकवलं, डोळे मिटले. दोघी गप्प उभ्या.

"नीट बोलतंय," तो म्हणाला.

शनिवारी चित्र गेलं, पसंतही पडलं. आता त्या घरी कुणी मोटरीचं काम घेऊन आलं की शांतव्वा आधी पाण्याचा तांब्या देते, मग दुकानाचा तो कागद देते आणि म्हणते, चष्मा सापडंना झालाय, जरा मोठ्यानं वाचून दाखवा. पावणा ग्रीसपाशी येऊन अडखळतो. आतून बसाप्पाचा आवाज येतो, "पुढं पंख्याचंबी वाचा की."