सरांचं एक मत

लोकशाहीवर इतका विश्वास असलेला आणि तिच्याकडून इतक्यांदा हरलेला माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. आमच्या अध्यापक विद्यालयातले हे सर वर्गात आले की आधी पंखा लावायचा का, हे मताला टाकायचे. त्यांना स्वतःला वारं सोसत नसे. आम्ही सगळे पंख्याच्या बाजूने, सर एकटे विरोधात. मग मफलर गुंडाळून ते शांतपणे शिकवायला लागायचे. सहल त्यांना भुलेश्वरला न्यायची होती, आम्ही बहुमताने वॉटर पार्क ठरवला. तिथे ते पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून दिवसभर बाकावर बसले आणि परतताना म्हणाले, "निर्णय चुकीचा होता. पण तो तुमचा होता."

आमच्या सराव पाठांसाठी त्यांनी केंदूरच्या बाजूची एक जिल्हा परिषदेची शाळा गाठली होती. पाठ जमला की नाही हे पोरं ठरवतील, अशी त्यांची अट. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, ह्यांना सोताचं नाक पुसता येत न्हाई, हे काय ठरवणार?" सरांनी तेही मताला टाकलं आणि मुख्याध्यापक चौथीच्या वर्गाकडून हरले. पाठ संपला की सगळ्यांनी डोळे मिटायचे, म्हणजे शेजाऱ्याचं बघून कुणी मत देत नाही, आणि कळलं असेल त्याने हात वर करायचा. बहुमत नसेल तर उद्या तोच पाठ पुन्हा. सरही शेवटच्या रांगेत सतरंजीवर डोळे मिटून बसत. त्यांचं मत एकच, पोरांइतकंच.

माझ्या वाट्याला अपूर्णांक आले. मी घरून भाकरी नेली, चार तुकडे केले, घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. चार हात वर आले, त्यातले दोन खाजवायला गेले होते असं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आमच्या घरात शिक्षिका व्हायला निघालेली मी पहिलीच, आणि चौथीच्या पोरांनी मला तीनदा नापास केलं होतं. मी सरांना म्हटलं, "मला जमणार नाही. मी दौंडला घरी जाते." सर म्हणाले, "निर्णय मोठा आहे," आणि वर्गाकडे वळले. "बाईंनी शिकवणं सोडावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

डोळे फक्त माझे उघडे होते. दोन हात वर होते. एक पहिल्या रांगेतल्या लाल रिबिनवाल्या मुलीचा. दुसरा सरांचा.

हरलेल्यांचं आधी ऐकायचं, हा त्यांचा नियम. मुलगी म्हणाली, "बाई फळ्याकडं तोंड करून रडत्यात. त्यांना घरी जाऊ द्या." सर म्हणाले, "तीन दिवस तुम्ही माझ्याकडे बघून परीक्षा देताय. या मुलांशी बोलायचंच नसेल, तर सुटका करून घ्यावी." मग बहुमताच्या वतीने एकजण उठला. "ऱ्हाऊ द्या त्यांना. आज जरा जरा कळाया लागलंय. आन् भाकरी बी चांगली असती." सर उठले, पॅन्ट झटकली. "मी हरलो. आता तुम्हाला शिक्षिका करणं माझ्यावर आलं." पुढचे दोन महिने रोज प्रार्थनेआधी ते माझ्यापुढे चौथीचा विद्यार्थी होऊन बसले आणि इतके मठ्ठ प्रश्न विचारले, की यांना खरंच अपूर्णांक येतात का अशी मला शंका यायला लागली.

आता मी मांडवगण फराट्याच्या बाजूला शिकवते. सर निवृत्त होऊन दौंडला असतात. मागच्या महिन्यात एसटीने आले, दोन पोरांनी धरून त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. त्यांना आता ऐकू येत नाही. कानाचं यंत्र घ्यायचं हे घरात बहुमताने ठरलं, पण वापरायचं का हे कुणी मताला टाकलं नाही, म्हणून ते खिशात असतं.

मी अपूर्णांक घेतले, भाकरी मोडली. पोरांनी डोळे मिटलेले बघून सरांनीही मिटले. बरेच हात वर आले, काही आले नाहीत. मग मागून एक हात हळूहळू वर आला. माझा एकही शब्द त्यांच्या कानावर पडला नव्हता, नियमाने ते मत बादच धरायला हवं होतं. मला भरून आलं. फळ्याकडे न वळता मी ते मोजलं.