लाल काचेचे दिवे

लंडनच्या हाउन्सलोतली माझी पहिली दिवाळी. नववीत शाळा सोडलेल्या मला इथल्या हॉटेलच्या किचनमध्ये काम मिळालं, हेच खूप होतं. तक्रार कशाला करायची? पण त्या संध्याकाळी नेमकी सुट्टी होती. घरी फोन लावला, तर मागे फटाक्यांचा दणदणाट. "नंतर कर रे, काही ऐकू येत नाही!"

पणत्या कुठे मिळतात ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या पोलिश दुकानात लाल काचेचे, झाकणाचे दिवे दिसले. वाऱ्याने विझायचे नाहीत म्हणून आणले आणि रस्त्याकडच्या खिडकीत ओळीने लावले.

थोड्या वेळाने दार वाजलं. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई, वयस्कर, पोलिश. खोली गेली तर जायचं कुठे?

"कोण गेलं तुझं?" बाईंनी तुटक्या इंग्रजीत विचारलं.

"कुणी नाही, आंटी. आमचा सण आहे."

"सण? अरे, हे थडग्यावरचे दिवे! माझ्या घराचं कबरस्तान केलंस!"

सॉरी सॉरी म्हणत मी विझवायला धावलो.

"राहू दे," म्हणत त्या खुर्चीत टेकल्या. दिव्यांकडे बघत गावाबद्दल बोलू लागल्या. छोटंसं गाव. मधे चौक, चौकात घड्याळाच्या मनोऱ्याचा टाउन हॉल. युद्धात जर्मनांनी तो जाळला. लोकांनी त्याच विटा घासूनपुसून पुन्हा बांधला, म्हणून एक भिंत अजून काळपट आहे. नदीकडच्या गल्लीत ज्यू राहायचे. त्यांना नेलं, ते परत आलेच नाहीत. त्यांच्या प्रार्थनाघरात आता लायब्ररी आहे. बाईंची आई दरवर्षी एक दिवा त्यांच्या जुन्या कबरस्तानातही ठेवायची. "त्यांच्यासाठी लावणारं कुणी उरलं नव्हतं ना."

नोव्हेंबर लागला की चर्चमागच्या टेकडीवर घरोघरचे लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर हेच दिवे लावतात. चौकातून बघितलं तर अख्खी टेकडी लाल. आता आईही तिथेच होती, आणि गुडघ्यांमुळे बाईंना यंदा जाता येणार नव्हतं.

"यातला एक आईचा म्हणू?"

"सगळेच म्हणा की, आंटी."

"सगळे कशाला? सण तुझा आहे." एक दिवा त्यांनी अलगद कडेला सरकवला.

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या, तसा मी घाईघाईने म्हणालो, "चहा घेता?"

त्या पुन्हा बसल्या. मी आधण ठेवलं. पाणी मुद्दामच जास्त घातलं, उकळायला वेळ लागावा म्हणून.