गाडीतली तालीम

उन्हात उभ्या गाडीचं दार उघडलं की तापलेल्या रेक्झिनचा उग्र, कोंडलेला वास अंगावर येतो. तुम्हाला सांगतो, रियाधमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला तो चक्क आवडू लागला आहे! त्याला कारण एक अमेरिकन नाटक.

आमच्या इथल्या मराठी मंडळींनी यंदा एकाच्या दिवाणखान्यात नाट्यवाचन करायचं ठरवलं आणि नवरा-बायकोच्या भूमिका मला आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, दिल्या. नाटकात हिरवंगार लॉन, दोन गाड्यांचं गॅरेज आणि पाहुण्यांदेखत एकमेकांचे वाभाडे काढणारं सुखवस्तू दांपत्य! एवढं ऐश्वर्य पायाशी असताना ही माणसं इतकी अतृप्त का, असं मला वाटे. आम्हाला तर धड ओरडताही येईना. मलाझ भागातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ, शेजारी ओळखीचे, आतल्या खोलीत लेकीचा बारावीचा अभ्यास. पंधरा वर्षं आम्ही कुजबुजतच भांडत आलो होतो. म्हणून तालीम इमारतीखाली, गाडीत, काचा बंद करून सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी सुनंदाचा आवाज असा चढला की रखवालदार चाचा काचेवर टकटक करून विचारू लागले, "भाभी, सब खैरियत?" आम्ही पोट धरधरून हसलो. मग ती पुन्हा भूमिकेत शिरली आणि म्हणाली, "तू मला कधी विचारलंच नाहीस." मी पानं चाळली. ते वाक्य नाटकात नव्हतं.

नोकरीचा करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवायचा कागद माझ्या बॅगेत होता. उद्याच मी सही करणार होतो, आणि तिने तो पाहिला होता. नाशिकची शाळेतली नोकरी सोडून ती माझ्यामागे इथे आली, तेव्हा तरी मी कुठे विचारलं होतं? ज्या शांत संसाराचा मला एवढा अभिमान, तो तिने गिळलेल्या शब्दांवरच उभा होता का? मला माझीच लाज वाटली. मी संहिता मिटली आणि विचारलं, राहायचं का आपण इथे?

"एक वर्ष," ती म्हणाली. "लेकीची बारावी होऊ दे. मग नाशिक."

मी एकाच वर्षाची सही केली. वाचनाला टाळ्या पडल्या, त्यातल्या बहुतेक तिलाच. नाटक संपलं, तालीम मात्र चालू आहे. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजाची, अस्रची अजान झाली की आम्ही खाली उतरतो. दार उघडतो, तो वास अंगावर येतो, मी काचा वर करतो आणि विचारतो, अजून काय विचारायचं राहिलंय?

ती सांगू लागते. यादी बरीच लांब आहे.